आवाज बसलाय, मग छातीचा सीटी कशाला?

एका मुलीने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. अडीच महिन्यांपूर्वी सर्दी-खोकला काही नसताना आवाज बसला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, महिनाभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, वाफ आणि गुळण्या चालूच आहेत. आवाज फुसका येतो, चार वाक्यं बोलली की दम लागतो, पाणी पिताना ठसका लागतो. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि डावा स्वरतंतू हलत नसल्याचं सांगितलं. छातीचा एक्स-रे नॉर्मल आला, तरी त्यांनी मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन लिहून दिला आहे. वडिलांचं म्हणणं, ‘दुखणं घशात आहे, छातीला काय झालंय?’ आधी कुठलंही ऑपरेशन झालेलं नाही. हा खर्च गरजेचा आहे का, असा लकवा कशाने होतो आणि आवाज परत येईल का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

सीटी करून घ्या, आणि पुढे ढकलू नका. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं आहे. एक्स-रे नॉर्मल आला हे चांगलंच झालं, पण डावा स्वरतंतू बंद पडलेला असताना केवळ एक्स-रेवर थांबता येत नाही. त्यामागचं कारण कळलं की वडिलांची समजूत घालणंही सोपं जाईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कागदावर ‘स्वरतंतूचा लकवा’ असं लिहिलं गेलं की निदान झालं, असं बहुतेक घरांत वाटतं. आमच्या दृष्टीने शोध तिथून सुरू होतो. तंतू हलत नाही एवढंच दुर्बिणीतून दिसलं. तो का हलत नाही, हे अजून कळायचं आहे, आणि ते कारण बऱ्याचदा घशापासून वीतभर लांब असतं.

श्वास घेताना दोन्ही स्वरतंतू उघडतात, बोलताना आणि गिळताना मिटतात. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी अडकून बसली, तर दुसरी कितीही ओढली तरी फट राहते, तसं इथे होतं. त्या फटीतून हवा निसटते म्हणून आवाज फुसका येतो. बोलताना हवा वाया जाते म्हणून चार वाक्यांत दम लागतो. एरवी जिना चढताना त्यांना धाप लागत नसेल, तर हा दम बोलण्यातला आहे, फुप्फुसातला नाही. गिळताना वाट पूर्ण बंद होत नाही म्हणून पाण्याचा ठसका लागतो. खोकलाही पोकळ होतो, कारण जोरात खोकायला आधी हवा कोंडावी लागते आणि आता ती कोंडता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी या एका फटीतून आलेल्या आहेत.

आता ती नस, म्हणजे स्वरतंतूला हलवणारा मज्जातंतू. मेंदूच्या देठातून व्हेगस नावाची मोठी नस निघते. कवटीच्या तळातल्या छिद्रातून ती बाहेर पडते आणि मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने खाली उतरते. वाटेत ती स्वरयंत्राच्या अगदी जवळून जाते, तिथे तिची एक लहान फांदी फुटते. पण तंतू उघडण्या-मिटवण्याचं काम करणारी मुख्य फांदी त्या जागी फुटतच नाही. व्हेगस तशीच खाली जाते आणि मग ही फांदी निघून, उलटी वळून पुन्हा मानेत चढते. म्हणूनच तिचं नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. उजवीकडे हा वळसा कॉलरबोनच्या मागच्या मोठ्या धमनीखालून पडतो. डावीकडे तो थेट छातीत, महाधमनीच्या कमानीखालून पडतो. तिथून ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर येते, थायरॉइडच्या मागून सरकते आणि स्वरयंत्रात शिरते.

एवढा फेरा का, असा प्रश्न प्रत्येक विद्यार्थी विचारतो. गर्भात हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या सुरुवातीला मानेजवळ असतात. पुढे त्या छातीत उतरतात आणि त्यांच्या कमानीत अडकलेली ही नस त्यांच्याबरोबर खाली ओढली जाते. जिराफात तर ही नस काही मीटर लांब असते. तिचं काम माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन या वैद्याने डुकरावर दाखवून दिलं होतं की ही नस कापली की जनावर धडपडत राहतं, पण त्याचा आवाज बंद होतो.

डाव्या नसेचा तो वळसा ज्या जागेतून जातो, तिथे महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्यामध्ये एक अरुंद फट आहे. तिच्यात लसिकाग्रंथी असतात. डाव्या फुप्फुसाचं मूळ जवळ, अन्ननलिका जवळ, हृदयाचा डावा वरचा कप्पाही फार दूर नाही. या गर्दीत दोन सेंटिमीटरची गाठ वाढली तरी माणसाला छातीत काही जाणवत नाही, आणि साध्या एक्स-रेवर ती हृदय व महाधमनीच्या सावलीत लपून जाऊ शकते. पहिली तक्रार येते ती आवाजाची. वडिलांना सांगा, घशाचा त्रास असूनही छाती तपासायची ती यासाठी.

कारणांकडे येतो. वडिलांचं ऑपरेशन झालेलं नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या बऱ्याच जणांचं झालेलं असेल, म्हणून शस्त्रक्रियेपासून सुरुवात करतो. एका बाजूच्या लकव्याच्या कारणांत शस्त्रक्रियेचा वाटा फार मोठा आहे आणि त्यात थायरॉइडचं ऑपरेशन ठळक. नस ग्रंथीला अगदी खेटून जाते. दर वेळी ती कापली जाते असं नाही. ताणली जाते, रक्तस्राव थांबवायच्या उपकरणाच्या (कॉटरीच्या) उष्णतेने दुखावते, भोवतालच्या सुजेने दबते. अनुभवी हातात कायमचा लकवा साधारण शंभरात एक-दोघांना होतो, तात्पुरता त्याहून जास्त जणांना. मानेच्या मणक्याचं समोरून केलेलं ऑपरेशन, हृदयाचं, अन्ननलिकेचं, फुप्फुसाचं ऑपरेशन, मानेतल्या धमनीची सफाई, या सगळ्यांत हीच नस वाटेत असते. काही वेळा ऑपरेशन पोटाचं असतं आणि कारण असतं भूल देताना घशात घातलेली नळी. तिचा फुगा आतून नसेच्या बारीक फांदीवर दाबतो.

थायरॉइडचं ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येकाला माझी एक कळकळीची विनंती आहे. आवाज ठणठणीत असला तरी ऑपरेशनपूर्वी दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. एक तंतू हळूहळू बंद पडत गेला, तर दुसरा मध्यरेषा ओलांडून फट भरून काढतो आणि आवाजात काहीच फरक कळत नाही. एक नस आधीच गेलेली आहे हे सर्जनला माहीत असेल, तर दुसऱ्या बाजूला तो वेगळ्या सावधगिरीने हात घालतो. माहीत नसेल आणि दुसरीही दुखावली, तर पेशंटचा श्वासच अडकतो.

ऑपरेशन झालेलं नसेल तर सगळ्यात आधी शोध घ्यायचा तो गाठीचा. डाव्या फुप्फुसाचा कॅन्सर आणि त्याच्या छातीत पसरलेल्या ग्रंथी, अन्ननलिकेचा कॅन्सर, थायरॉइडचा कॅन्सर, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, शरीरात दुसरीकडे झालेल्या कॅन्सरचा प्रसार. गळ्यात थायरॉइडची गाठ आहे आणि ऑपरेशन न होताच आवाज बसला, तर ती गाठ साधी धरून चालत नाही. साधा गलगंड मोठा झाला तरी नसेला सहसा सांभाळून घेतो. हे वाचून तुम्हाला धास्ती वाटेल याची मला कल्पना आहे. पण न बोलल्याने गाठ थांबत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आवाज बसण्याच्या टप्प्यावर बहुतेकदा आजार छातीच्या मध्यभागापर्यंत पोचलेला असतो, त्यामुळे इथे महिना-दोन महिन्यांची किंमत खरी असते. वडील विडी-सिगरेट ओढत असतील किंवा पूर्वी ओढत असतील, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शिक्षकी पेशातली माणसं हे मुलांसमोर सांगायला संकोचतात, म्हणून त्यांना डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या.

आपल्याकडे क्षयाचा विचारही करावाच लागतो. छातीतल्या क्षयाच्या ग्रंथी नसेवर दाबतात. जुना, बरा झालेला क्षय फुप्फुसाच्या वरच्या टोकाला व्रण सोडतो आणि तो व्रण आकसताना नस त्यात ओढली जाते. म्हणून ‘वीस वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स झाला होता’ ही माहिती जुनी म्हणून गाळू नका. स्वरयंत्रालाच क्षय होतो तेव्हा चित्र वेगळं असतं. तंतू सुजलेले, खरवडल्यासारखे दिसतात, गिळताना दुखतं. मात्र नुसत्या अंदाजावर क्षयाची औषधं सुरू करायला मी कधीच तयार होत नाही. ग्रंथी दिसली तर सुईने नमुना घ्या, जंतू किंवा पेशी पाहा, मग औषध.

हृदयाचं कारण पुस्तकात शेवटी येतं, पण आपल्या देशात ते विसरून चालत नाही. १८९७ मध्ये नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरने झडप अरुंद झालेल्या हृदयरोग्यांत डाव्या स्वरतंतूचा लकवा नोंदवला. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आकसते, हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो. ऑर्टनरला वाटलं की तो कप्पाच नसेला दाबतो. आता आपण मानतो की फुप्फुसाची धमनी दाबाने फुगते आणि तिच्या व महाधमनीच्या मध्ये नस चिमटली जाते. तिशी-पस्तिशीची बाई, चालताना धाप, रात्री उशा रचून झोपावं लागतं आणि आता आवाज बसला, अशी हकीकत ऐकली की मी दुर्बिणीइतकंच महत्त्व स्टेथोस्कोपला आणि इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) देतो. वयस्कांत महाधमनीच्या कमानीचा फुगाही हेच करतो. तुमच्या वडिलांचा सीटी शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, देऊन करायचा, त्यात रक्तवाहिन्या उठून दिसतात हेही एक कारण.

नस वरच्या टोकालाही दुखावू शकते. मेंदूच्या देठात रक्तपुरवठा तुटला तर आवाज बसण्यासोबत गरगरणं, गिळायला त्रास, चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरता येते. कवटीच्या तळाशी व्हेगस इतर नसांबरोबर दाटीने बाहेर पडते, त्यामुळे तिथली गाठ किंवा जंतुसंसर्ग एकट्या स्वरतंतूला धरत नाही. इथे मधुमेहींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. साखर हाताबाहेर गेलेल्या वयस्क माणसाचा कान रात्रंदिवस ठणकतो, कानातून पू येतो, थेंबांनी उतार पडत नाही, आणि मग चेहरा वाकडा होतो किंवा आवाज बसतो. हा कानातून कवटीच्या हाडात उतरलेला संसर्ग असतो. त्याला साधं कानदुखणं समजून काढलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

बाकीची कारणं थोडक्यात. विन्क्रिस्टीनसारखी कॅन्सरवरची काही औषधं, नसांचे सर्वसाधारण आजार, मानेला झालेली दुखापत. बाळांत जन्मतःचे मेंदूचे दोष आणि हृदयाची लवकर झालेली शस्त्रक्रिया. त्यांचं रडणं क्षीण असतं आणि दूध पिताना ती गुदमरतात.

आणि मग राहतो तो गट, ज्यात सगळं तपासूनही काही सापडत नाही. नसेला विषाणूची सूज आली असावी असा आमचा कयास असतो. हा गट लहान नाही आणि यातल्या बऱ्याच जणांचा आवाज सुधारतो. पण ‘कारण सापडलं नाही’ हे वाक्य म्हणायचा अधिकार सीटी पाहिल्यावरच मिळतो. न बघता ‘व्हायरल असेल, होईल बरं’ म्हणणं मला मान्य नाही.

निदान कसं होतं ते सांगताना वडिलांच्या अडीच महिन्यांबद्दल बोलायलाच हवं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बसलेला आवाज ४ आठवड्यांत सुटला नाही तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे, आणि गंभीर कारणाची शंका असेल तर तेवढंही थांबायचं नाही. २००९ च्या सूचनांत ही मुदत ३ महिने होती, ती मुद्दाम कमी केली गेली. सरसकट अँटिबायोटिक देऊ नये, स्वरयंत्र पाहण्याआधी स्टिरॉइड देऊ नये, नुसता आवाज बसलाय म्हणून अ‍ॅसिडिटीची औषधं चालू करू नयेत, हेही त्यात आहे. आपल्याकडे नेमकं याच्या उलट घडतं. एकामागून एक गोळ्या होतात आणि ज्या अवयवाचा त्रास आहे तो कुणी पाहतच नाही. नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहायला काही मिनिटं लागतात, भूल म्हणून औषधाचे फवारे पुरतात आणि त्याच पावली घरी जाता येतं. तंबाखू, मशेरी किंवा विडीची सवय असलेल्या माणसाने तर ४ आठवड्यांची वाट पाहण्याचंही कारण नाही.

त्या सूचनांत आणखी एक गोष्ट आहे, जिचा क्रम लोक चुकवतात. स्वरयंत्र पाहण्याआधी सीटी किंवा एमआरआय करायचा नाही. आधी डोळ्यांनी बघायचं, मग त्यावरून कुठला स्कॅन ते ठरवायचं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा क्रम आता बरोबर लागला आहे.

अनुभवी कानाला आवाजातूनच खूप काही कळतं. हवा गळणारा फुसका आवाज, मध्येच एकाच वेळी दोन सूर लागल्यासारखा फाटणारा, संध्याकाळी आणखी खालावणारा. मग ‘आ’ एका श्वासात किती वेळ धरता येतो ते पाहतो. निरोगी प्रौढ माणूस १५ सेकंदांच्या पुढे सहज जातो. १० च्या आत संपलं, तर तंतू नीट मिटत नसल्याचा संशय येतो. हे तुम्ही घरी घड्याळ लावून करू शकता आणि दर महिन्याला लिहून ठेवू शकता, पुढे सुधारणा मोजायला उपयोगी पडेल. त्यानंतर मान चाचपायची, कॉलरबोनच्या वरच्या खळगीत ग्रंथी लागते का ते पाहायचं. तोंड उघडून ‘आ’ म्हणायला लावायचं. पडजीभ एका बाजूला ओढली गेली, जीभ बाहेर काढल्यावर वाकली, खांदा उचलायला कमी पडला, तर नस वर, कवटीच्या तळाशी दुखावली आहे असं धरून तिथला एमआरआय सांगायचा. हे सगळं व्यवस्थित असेल तर रोख मान आणि छातीकडे.

स्वरयंत्र जिवंत माणसात पाहायची युक्ती सर्वांत आधी साधली ती मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा आरसा घशात धरून, उन्हाचा झोत त्यावर पाडून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले आणि पुढच्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं गेलं. आपण सगळे कान-नाक-घसा वाले एका गवयाचे ऋणी आहोत, याचा मला फार आनंद वाटतो. आज आम्ही दुर्बीण घालून पेशंटला ‘ई’ म्हणायला लावतो, लगेच नाकाने जोरात हुंगायला लावतो, पुन्हा ‘ई’, पुन्हा हुंगणं. हुंगताना तंतू सर्वांत जास्त उघडतात, त्यामुळे एक बाजू मागे पडत असेल तर ती लगेच उघडी पडते. स्ट्रोबोस्कोपीच्या लुकलुकत्या प्रकाशात तंतूची कंपनं संथ दिसतात आणि फट किती, तंतू सैल पडलाय का, ते कळतं. तंतू मध्याजवळ थांबला की बाहेर, यावरून नस नेमकी कुठे दुखावली हे सांगता येतं असं पूर्वी शिकवत. तो अंदाज भरवशाचा नाही, त्यामुळे त्यावरून स्कॅन टाळू नये.

न हलणारा प्रत्येक तंतू लकव्याचा नसतो, हे तपासणाऱ्याने मनात ठेवायचं. स्वरयंत्राचा कॅन्सर आत रुतून तंतू जखडतो, तिथे नस शाबूत असते. घशात नळी घालताना तंतूच्या मागचं छोटं कूर्चेचं हाड सांध्यातून सरकू शकतं. संधिवाताने तो सांधा घट्ट होतो. अतिदक्षता विभागात अनेक दिवस नळी राहिली तर मागच्या बाजूला व्रण आकसून दोन्ही तंतू जोडले जातात. शंका राहिली तर भूल देऊन तो सांधा प्रत्यक्ष हलवून पाहतात, किंवा स्वरयंत्राच्या स्नायूंचा ईएमजी करतात. ईएमजीत स्नायूला नसेचा संदेश पोचतोय का ते कळतं. साधारण पहिला महिना उलटल्यावर आणि सहा महिन्यांच्या आत केला तर आवाज परतण्याची शक्यता किती, याचाही अंदाज मिळतो. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच आहे आणि प्रत्येकाला ती लागत नाही.

रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी कुणी दिली तर विचारा, प्रत्येकीतून काय कळणार आहे. या लकव्याचं कारण रक्तातून क्वचितच सापडतं. कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन लागतं, मधुमेह असेल तर साखर. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेत असतील तर सीटीच्या ठिकाणी आधी सांगा.

सीटीच्या कागदावर काय लिहिलंय तेही डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्या. नुसतं ‘मानेचा सीटी’ लिहिलेलं असेल तर स्कॅन कॉलरबोनच्या जरा खाली थांबवला जाऊ शकतो, आणि डाव्या बाजूचा सगळा प्रश्न त्याच्या खाली आहे. कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीच्या खालपर्यंत, कॉन्ट्रास्टसह, आणि कारण म्हणून ‘डाव्या स्वरतंतूचा लकवा’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. रेडिऑलॉजिस्टला नसेची वाट माहीत असते. काय शोधायचं हे कळलं की तो त्याच वाटेने नजर फिरवतो.

दोन्ही तंतूंच्या लकव्याबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, कारण तिथे सगळं उलटं दिसतं आणि जीव जाऊ शकतो. दोन्ही तंतू मध्याजवळ थिजतात, त्यामुळे आवाज जवळजवळ चांगला असतो, पण श्वासाला वाट उरत नाही. श्वास आत घेताना घुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, झोपेत वाढतो, जिना चढताना वाढतो. थायरॉइडचं ऑपरेशन कित्येक वर्षांपूर्वी झालेल्या बायका दम्याचे पंप वर्षानुवर्षं घेत असतात आणि पंपाने काडीचाही फरक पडत नाही. दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना येते, हा आवाज श्वास घेताना येतो. कीटकनाशकाच्या विषबाधेतून वाचलेल्या पेशंटचीही श्वासनळीतली नळी काढल्यावर असाच आवाज येऊ लागला, तर दोन्ही तंतू पाहून घ्यावेत. अशा माणसाला साधी सर्दी झाली तरी सुजेने उरलीसुरली वाट बंद होऊ शकते. गळ्याला छिद्र करून नळी बसवावी लागते, किंवा लेझरने एका तंतूचा मागचा भाग कापून वाट रुंद करता येते. त्यात आवाजाचा थोडा बळी द्यावा लागतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सीटीत गाठ दिसली तर आधी तिचा नमुना, तिचे उपचार. आवाजाचं काम त्यासोबत करता येतं. सीटी स्वच्छ आला तर नसेला वेळ द्यायचा. दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि डाव्या नसेची वाट किती लांब आहे ते वर वाचलंतच. शिवाय वाढताना तिचे धागे भलत्याच स्नायूंत शिरतात, उघडणारे आणि मिटवणारे एकाच वेळी ओढायला लागतात. त्यामुळे तंतू दुर्बिणीत पुन्हा हलताना दिसला नाही, तरी स्नायूत ताण परततो आणि आवाज सुधारतो. म्हणून कायमचं ऑपरेशन सहसा ९ ते १२ महिने थांबून ठरवतात.

पण थांबायचं म्हणजे सहन करत बसायचं, असा अर्थ कुणी काढू नये. ठसका लागत असेल किंवा बोलण्यावाचून अडत असेल, तर बंद तंतूत विरघळणारं जेल टोचून त्याला मध्याकडे सरकवता येतं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडसारख्या पदार्थाचा परिणाम काही महिने टिकतो, तोवर नसेला सावरायला सवड मिळते. वर्षभराने फट तशीच राहिली, तर थायरोप्लास्टी. जपानमधल्या क्योटोच्या नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ मध्ये तिची पद्धत मांडली. गळ्यावर लहानसा छेद घेऊन कूर्चेत खिडकी कापायची आणि सिलिकॉनचा कोरलेला तुकडा आतून बसवून तंतू मध्याकडे ढकलायचा. पेशंट जागा असतो. त्याला बोलायला लावून, आवाज ऐकत ऐकत तुकड्याची जाडी ठरवतात.

दरम्यान आवाजाच्या थेरपिस्टकडे जा. हवा वाया न घालवता बोलायला ते शिकवतात आणि गळा आवळून जोर लावण्याची सवय लागू देत नाहीत. शिक्षकांना ती सवय फार लवकर लागते, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची जुनी जिद्द असते. कुजबुजत बोलणंही टाळावं, त्यानेही ताण पडतो. ज्येष्ठमध, हळदीचं दूध घ्यायचं तर घ्या, बंद पडलेली नस त्याने चालू होत नाही.

पाणी पिताना त्यांना ताठ बसवा, हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घ्यायला सांगा, घोटाआड बोलू देऊ नका. मान डावीकडे, म्हणजे बंद तंतूच्या बाजूला वळवून गिळल्यास ठसका कमी होतो का, ते करून पाहा. पातळ चहा-पाण्यापेक्षा दाट पेज, दही, मऊ भात त्यांना सोपं जाईल. ताप आला, कफ वाढला, जेवणानंतर छातीत घरघर ऐकू आली, तर अन्न फुप्फुसात जातंय असं समजून त्याच दिवशी दाखवा. कोरडा घासही अडकायला लागला, तर अन्ननलिकेची दुर्बीण तपासणी सीटीबरोबरच उरकून घ्या. आणि सीटी स्वच्छ आला तरी तीन महिन्यांनी स्वरतंतू पुन्हा पाहून घ्या. तोवर वजन घटलं, थुंकीत रक्त दिसलं किंवा मानेत गाठ लागली, तर तीन महिने थांबू नका.